राजाची धाकटी लेक

नानांचा राजा शनिवारी संध्याकाळी सव्वासहाला वारला. मेधाने '२८ फेब्रुवारी १६४८' एवढं टाइप केलं, पूर्णविराम दिला आणि बोटं मोडली. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं, "गेले का गं राजेसाहेब?"

"गेले, आई."

"सुटले बिचारे," संजीवनीबाई म्हणाल्या, "आणि आपणही सुटलो."

सुटलो म्हणणं जरा घाईचंच झालं, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

पाया लेबारच्या त्या फ्लॅटमध्ये माणसं पाच, आणि तीन वर्षं सहावा होता डेन्मार्कचा राजा चौथा क्रिस्तियान. नाना, म्हणजे निशिकांत रिसबूड, पुण्याच्या शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाले, आणि २००४ साली सारंगने आईवडिलांना सिंगापूरला आणलं तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि राजा जास्त होता. हे खूळ जुनं. एकदा शाळेची सहल दक्षिणेत गेली असताना तरंगंबाडीला समुद्रकाठचा किल्ला त्यांनी पाहिला. हा कुठल्या राजाच्या काळातला, असं गाइडला विचारलं. तो म्हणाला, कुणीतरी डॅनिश. 'कुणीतरी' हा शब्द नानांना आयुष्यात कधी सोसला नाही. शिवाय पुण्यात शिवकालावर लिहायला बसलं की पाठीमागे चुका काढणारे चाळीस जण उभे. डेन्मार्कच्या राजावर मराठीत लिहिणारे आपण एकटेच, हाही हिशेब त्यात होताच.

आणि राजाही त्यांच्याच जातकुळीचा निघाला. अकराव्या वर्षी गादीवर आला, साठ वर्षं राज्य केलं, नवी गावं वसवली, वाडे बांधले, लढाया मात्र बहुतेक हरला. सदुसष्टाव्या वर्षी जहाजावर उभा राहून लढताना एक डोळा गमावला आणि तरी मागे हटला नाही. हे सगळं राहू द्या, पण खिडकी किती रुंद हवी, मुलांना कपडे कोणते घालायचे, माळ्याने काय केलं आणि काय केलं नाही, हे सगळं हा गृहस्थ स्वतःच्या हाताने पत्रं लिहून कळवायचा. अशी सुमारे तीन हजार पत्रं उरली आहेत. काकडी कोशिंबिरीला किसायची नाही, चोचवायची, हे हॉलमधून ओरडून सांगणाऱ्या नानांना तो आपला वाटला यात नवल नाही.

रविवारी सकाळी नाना आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून कॉम्प्युटरशेजारच्या खुर्चीत बसले. "घे, मेधा. ऋणनिर्देश. उद्या सारंगचा मित्र विश्वास पुण्याला निघतोय, त्याच्या हाती सगळं बाड प्रकाशकाकडे जायचंय."

मेधाने घेतलं. लायब्ररीचे आभार झाले, सारंगचे झाले, 'स्नुषा सौ. मेधा हिने अत्यंत चिकाटीने' असं स्वतःबद्दल तिने स्वतःच टाइप केलं. मग नाना थांबले.

"आता तुझे ते डेन्मार्कवाले गृहस्थ. नाव सांग त्यांचं."

मेधाची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. "त्यांना नाव नकोय, नाना. मी मागेच म्हटलं होतं ना."

"त्यांना नको असेल, मला हवंय. अगं, राजाची पत्रं इंग्रजीत धड आलेली नाहीत. या माणसाने ती मूळ डॅनिशमधून मराठीत आणली म्हणून माझं पुस्तक उभं राहिलं. एकशे शहाऐंशी तळटीपा आहेत त्याच्या जिवावर. आणि नाव काय देऊ? 'कुणीतरी'?" नानांनी चष्मा पुसला. "असं कर, इथेच सिंगापुरात राहतात ना, आज त्यांना जेवायलाच बोलव. श्रीखंड आहे. मला बघायचाय तो माणूस. शब्द नाही कळला तर तो काय लिहितो माहितेय? 'हा शब्द मला लागला नाही. ऑफिसातल्या एका वयस्क डेन माणसाला विचारला, त्यालाही माहीत नाही. अंदाज करत नाही, जागा मोकळी सोडतो.' चौतीस वर्षांत असा विद्यार्थी मला मिळाला नाही, मेधा. सगळे ठोकून द्यायचे."

मेधा "फोन करते" म्हणाली आणि उठून तडक स्वयंपाकघरात गेली. तिथे सारंग पुऱ्यांचं पीठ तिंबत होता आणि सासूबाई केशर खलत होत्या. तिने दार लोटून घेतलं.

"नाव मागतायत," ती म्हणाली. "आणि जेवायला बोलवा म्हणतायत."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते डेन्मार्कवाले गृहस्थ म्हणजे धम्मदीप. नीलिमाचा नवरा, या घरचा जावई, मूळचा नागपूरचा, मरीन इंजिनीअर. कंपनीने दोन वर्षं डेन्मार्कला ठेवलं तेव्हा रात्रशाळेत जाऊन भाषा शिकून आला होता. राहायला वुडलँड्सला, म्हणजे इथून एमआरटीच्या गाडीने तासाच्या आत. आणि नऊ वर्षांपूर्वी नीलिमाने त्याच्याशी लग्न केलं त्या दिवसापासून नानांनी लेकीचं नाव टाकलं होतं. मुलगा बौद्ध आहे, एवढंच कारण. दुसरं कुठलं कारण त्यांनी दिलं नाही आणि त्यांच्यापाशी नव्हतंही. सिंगापूरला येतानासुद्धा पहिली अट तीच होती की त्या घरचा विषय या घरात काढायचा नाही.

विषय काढला नाही. पण बाकी सगळं चालू होतं. सासूबाई मंगळवारी 'देवळात' जायच्या त्या वुडलँड्सला. अनघा, सारंग-मेधाची दहा वर्षांची मुलगी, सुट्टीत पुलाउ उबीन बेटावर सायकल चालवायला जायची ती आत्याबरोबर. आणि तीन वर्षांपूर्वी नाना पत्रांशी येऊन अडले, जेवेनासे झाले, हे मेधाने नीलिमाला फोनवर नुसतं सांगितलं, तर पंधरा दिवसांनी लिफाफा आला. मग दर महिन्याला येत राहिला. हॉकर सेंटरमध्ये चहा पिता पिता मेधा तो घ्यायची, आणि घरी येऊन 'सारंगच्या ओळखीचे एक आहेत' म्हणून नानांपुढे ठेवायची.

"हान्सेन टाक," सारंग म्हणाला. "डेन्मार्कात दर चार माणसांमागे एक हान्सेन असेल."

"हान्सेन मराठीत लिहितो? 'ठोकळमानाने' आणि 'उगाच वाद नको म्हणून' असं लिहितो?"

"मग जोशी टाक. कोपनहेगनचे जोशी."

"सारंग, इतिहासाच्या पुस्तकात मी खोटं नाव टाइप करणार नाही."

"तू काय इतिहासकार आहेस का? तू टायपिस्ट आहेस," सारंग म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "तसं नाही गं. पण विचार कर. त्यांचं बीपी बघ. झाकली मूठ सव्वा लाखाची आहे, राहू दे की झाकलेली."

"झाकली मूठ!" सासूबाईंनी खल बाजूला ठेवला. "आणि त्या पोराने तीन वर्षं डोळे फोडले ते? मेधा, मी तुला सांगत नाही की सांग. सांगू नको असंही सांगत नाही. मला आता या वयात कुणाची बाजू घ्यायची नाही."

म्हणजे सांगायचं तर मेधानेच, हे तिला कळलं. या घरात अवघड काम नेहमी सुनेकडे यायचं. त्यात नवीन काही नव्हतं.

खरं सांगायचं तर तिच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. नाना इथे येण्याच्या आदल्या वर्षी पुण्यात त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापला गेला होता. घराण्यातल्या प्रत्येक माणसाची नोंद, शिक्षण, नोकरी, अपत्यं. त्यांच्या शाखेची माहिती नानांनीच भरून पाठवली होती. मेधाने तो जाडजूड ग्रंथ उत्साहाने उघडला, तर 'निशिकांत दीनानाथ' या नावाखाली ओळ होती : 'अपत्ये : एक पुत्र, सारंग.' पुढे पूर्णविराम. एवढं सांभाळून माणसं नोंदवणाऱ्या हजार पानांत नीलिमा कुठेही जन्मलेली नव्हती.

आणि गेल्याच महिन्यात याच नानांनी राजाचं सोळावं प्रकरण तिला सांगितलं होतं. राजाची दुसरी बायको कीर्स्टन. थोरल्या राणीच्या मागे राजाने हिच्याशी लग्न केलं, हिला डझनभर मुलं झाली, आणि मग दोघांचं बिनसलं. १६२९ साली सगळ्यांत धाकटी मुलगी जन्मली तेव्हा राजा म्हणाला, ही माझी नाही. तिथे नानांनी पेन्सिल टेबलावर आपटून एक वाक्य सांगितलं होतं. ते टाइप करताना मेधाचा हात थांबला होता, आणि नाना म्हणाले होते, "काय झालं? मोठं आहे का वाक्य?"

दीड वाजता पानं वाढली. नानांच्या सांगण्यावरून ताटं सहा मांडली होती. सहाव्या ताटाशी कुणी नव्हतं.

"पाहुणे कुठवर आले?" नानांनी विचारलं.

"नाना, आधी जेवून घेऊ," सारंग म्हणाला.

"आजोबा, तुमच्या किंगने ती बेबी का नाही घेतली?" अनघाने मध्येच विचारलं. सोळावं प्रकरण तिला आजीने गोष्ट म्हणून सांगितलं होतं. "सो मीन, लाह. बेबीने काय केलं?"

"तेच तर, बाळ. तिने काहीच केलं नव्हतं." नाना खुलले. "राजा मोठा, पण तिथे छोटा ठरला. मी लिहिलंय तसं. मेधा, काय गं ते वाक्य माझं?"

मेधाने पुरीचा तुकडा ताटात ठेवला. तिला ते वाक्य पाठ होतं.

"'बापाने मूल नाकारलं तर तो त्याचा करंटेपणा, पण नोंदीतून मूल गाळण्याचा अधिकार राजालाही नाही आणि इतिहास लिहिणाऱ्याला तर मुळीच नाही.'"

"वा!" नाना म्हणाले. स्वतःचं वाक्य त्यांना आवडलं.

"नाना, पाहुणे बोलावल्याशिवाय यायचे नाहीत," मेधा म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच सपाट वाटला. "तुम्ही बोलावलंत तरच येतील. ती सगळी पत्रं धम्मदीपनी केलीत. आपल्या नीलूच्या धम्मदीपनी."

सारंगने मान खाली घातली. सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नानांच्या हातात श्रीखंडाची वाटी होती ती त्यांनी खाली ठेवली, मग पुन्हा उचलली, मग पुन्हा ठेवली.

"तीन वर्षं," ते म्हणाले.

"हो."

"सारंग, तुला माहीत होतं?"

"हो, नाना."

"आणि तुम्हाला?" एरवी बायकोला ते अगं-तुगं करायचे, रागावले की अहोजाहो.

"मला सगळ्यांत आधी," संजीवनीबाई म्हणाल्या.

"म्हणजे घरात एक मीच मूर्ख. छान. उत्तम. मला त्याची मदत नको. पत्रं काढून टाका पुस्तकातून. एकूण एक."

"आणि मग काय उरेल?" मेधा म्हणाली. "लढाया आणि सनावळ्या? त्या इंग्रजी पुस्तकात आहेतच की, नाना. तुम्हीच म्हणालात."

"तू मला शिकवू नकोस!"

"मग मी शिकवते," संजीवनीबाई म्हणाल्या. बाजू घ्यायची नाही म्हणणाऱ्या बाईंनी पदर खोचला होता. "चौदा एप्रिलला शाळेत दरवर्षी भाषण कोण करायचं? माणूस जन्माने मोठा होत नाही, विद्येने होतो, म्हणून? टाळ्या पडायच्या, मी ऐकलंय मागे बसून. आणि घरी येऊन काय? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आज सकाळी म्हणालात ना, असा विद्यार्थी मिळाला नाही? मिळाला होता, दारात उभा होता, पेढे घेऊन. तुम्ही दार लावलंत."

नाना उठले. हात धुतले. आपल्या खोलीत गेले आणि कडी घातली. त्या फ्लॅटमध्ये आतल्या खोलीला कडी आहे, हेसुद्धा सगळ्यांना त्या दिवशी कळलं.

"झालं समाधान?" सारंग मेधाला म्हणाला.

तिला रडू येत होतं आणि भूकही लागली होती. तिने ताटातलं सगळं संपवलं, कारण श्रीखंड सासूबाईंनी दोन दिवस खपून केलं होतं.

तीन वाजले, चार वाजले. आतून फक्त कागद उलटल्याचा आवाज येत होता. सारंगने दोनदा दाराला कान लावला. विश्वासचा फोन आला, सामान भरतोय, बाड कधी देताय म्हणून. मेधाने संध्याकाळी सांगते म्हटलं. नीलिमाला फोन करावा असं तिला वाटलं, पण काय सांगणार? तुझ्या वडिलांना कळलं, आणि त्यांनी कडी घातली, हे? नऊ वर्षांत कडी निघाली नव्हती, ते तिला माहीतच होतं.

सव्वापाचला दार उघडलं. नाना हातात बाड घेऊन बाहेर आले आणि ते त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवलं. मेधाने पाहिलं, तर पहिल्या पन्नासेक पानांवर पेन्सिलच्या आडव्या रेघा होत्या. त्या सगळ्या रबराने पुसलेल्या होत्या, आणि पुढे एकही रेघ नव्हती.

"जमत नाही," नाना म्हणाले. डोळे लाल होते आणि ते लपवायची त्यांनी खटपट केली नाही. "पत्रं काढली की राजा मरतो. खिडकी जाते, माळी जातो, पोरांचे कपडे जातात. नुसता पुतळा उरतो." ते खुर्चीत बसले. "आणि ती मोकळ्या सोडलेल्या जागांची यादी केली मी. बावीस आहेत. बावीस ठिकाणी त्याला ठोकून देता आलं असतं, मला पत्ता लागला नसता. कोण बघणार होतं? माझ्यासारख्या माणसासाठी... मी त्याला दारात काय बोललो होतो, ते तुला माहितेय का?"

"माहितेय," मेधा म्हणाली.

"त्याने सांगितलं?"

"नाही. नीलूने. ते त्या विषयावर बोलतच नाहीत."

चहा आला. नानांनी तो बशीत न ओतता तसाच प्यायला. जीभ भाजली असणार. मग म्हणाले, "बस कॉम्प्युटरवर. पूर्ण नाव सांग त्याचं. वडिलांचंही. ऋणनिर्देशात अर्धं नाव देत नाहीत."

"धम्मदीप रावसाहेब रामटेके."

"घे. 'या ग्रंथातील राजाची सर्व पत्रे मूळ डॅनिशमधून मराठीत आणली ती श्री. धम्मदीप रावसाहेब रामटेके यांनी. न कळलेल्या जागी अंदाज न करण्याचे त्यांचे सचोटीचे व्रत प्रस्तुत लेखकास शिकण्यासारखे वाटले.' पूर्णविराम. पुढे लिही. 'ते माझे जावई होत.'"

स्वयंपाकघराच्या दारात संजीवनीबाई उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. सारंगने उगाचच पंखा वाढवला.

"आता नवीन कागद घे," नाना म्हणाले. "कुलवृत्तांताच्या संपादकांना पत्र. 'सप्रेम नमस्कार. पुढील आवृत्तीत शुद्धिपत्र जोडावे ही विनंती. आमच्या शाखेच्या पानावर, 'अपत्ये : एक पुत्र' याऐवजी 'एक पुत्र, एक कन्या' असे वाचावे. कन्या : नीलिमा. जामात : वरीलप्रमाणे.' नाही, वरीलप्रमाणे नको. तिथेही पूर्ण नाव घाल." शुद्धिपत्रात सगळे जण चूक छापखान्याच्या माथी मारतात, हे शाळेत त्यांनीच चेष्टेने सांगितलं होतं. "'ही चूक मुद्रकाची नसून माहिती पाठवणाऱ्याची आहे.' घेतलंस?"

"घेतलं."

"विश्वासला सांग, उद्या नेऊ नकोस. पुस्तक पंधरा दिवसांनी जाईल. एकदा सगळं तपासायला हवं. आणि तपासायला दोन माणसं लागतात. एकाने मूळ प्रत वाचायची, दुसऱ्याने छापलेलं बघायचं. फोनवर होणारं काम नाही हे. त्या दोघांना इथे यायला सांग. रविवारी. नाही, शनिवारी."

मेधाने सारंगकडे पाहिलं, सारंगने आईकडे. आईने मान हलवली. आता एवढं सांगितलं, तर तेही सांग.

"नाना," मेधा म्हणाली, "दोघं नाही, तिघं येतील."

नानांना आधी कळलं नाही. मग कळलं. ते टेबलाची कड धरून बसून राहिले. अनघाच तेवढी म्हणाली, "शी इज माय कझिन, आजोबा. सायकल मीच शिकवली तिला."

"किती वर्षांची?" नानांनी विचारलं.

"पाच," संजीवनीबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखीच हट्टी आहे."

नानांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, शुद्धिपत्राचा मेधाने छापून काढलेला कागद पुढे ओढला आणि 'कन्या : नीलिमा' या ओळीखाली जागा किती उरली आहे ते पाहिलं.

"पूर्ण नाव सांग," ते म्हणाले.